टपावर किती आणि कसं: रूफ रॅकविषयी वाचकांचे प्रश्न

कच्च्या रस्त्यावर, चढउतारावर फिरणाऱ्या गाड्यांवर रॅक बसवण्याविषयी आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गाडीच्या पुस्तिकेत टपावर जास्तीत जास्त ७५ किलो असं लिहिलंय. मला आवडलेल्या रॅकवर मात्र १५० किलोचा शिक्का आहे. विक्रेता म्हणतो, पुस्तिकेचं मनावर घेऊ नका. वर ६० किलोचा तंबू लावून दोघांनी झोपायचं आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : पुस्तिकेचं. रॅक १५० किलो पेलतो म्हणजे रॅकच्या पट्ट्या वाकणार नाहीत, एवढंच. त्याच्याखालचा पत्रा, पत्र्याखालच्या आडव्या कमानी, दारांमधले खांब यांचं बळ रॅक बदलून वाढत नाही. इथे आकडे तीन असतात: टपाचा, रॅकच्या पायांचा आणि खुद्द रॅकचा. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा तुमचा. शिवाय रॅकचं स्वतःचं वजन त्यातूनच वजा होतं, आणि दुकानात नेमकं हेच कोणी बोलत नाही.

हिशेब करून बघा. रॅक पायांसकट २८ किलोचा धरला तर ७५ मधून उरले ४७, तेही डांबरी रस्त्यावर. रस्ता सुटला की अनेक रॅक उत्पादक क्षमतेला दीडने भागायला सांगतात. खड्ड्यात चाक आदळून गाडी परत उसळते तेव्हा टपावरच्या सामानाचा जोर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीतिपटीवर जातो. ७५ भागिले दीड म्हणजे ५०, त्यातून रॅक वजा, राहिले २२ किलो. तुमचा तंबू डांबरी रस्त्यावरही बसत नाही, कच्च्यावर तर बोलायलाच नको.

रात्री झोपताना गोष्ट वेगळी. गाडी उभी असते, धक्के नसतात, त्यामुळे उभ्या गाडीची मर्यादा चालत्या गाडीपेक्षा बरीच जास्त असते. २०२० पासूनच्या लँड रोव्हर डिफेंडरचे आकडे उदाहरण म्हणून घ्या: चालत्या गाडीला १६८ किलो, उभ्या गाडीला ३०० किलो. तुमच्या बाबतीत दोन माणसं १४०, तंबू ६०, अंथरूण-पांघरूण १०, रॅक २८, असे २३८ किलो होतात. उभ्या गाडीचा आकडा पुस्तिकेत स्पष्ट दिला असेल आणि तो याहून मोठा असेल, तर झोपायला हरकत नाही. पण तंबू तिथवर न्यायचा कसा, हा प्रश्न चालत्या गाडीच्याच आकड्यावर सुटला पाहिजे. तेव्हा ३५ किलोच्या आतला हलका तंबू आणि तंबूपुरत्या दोन-तीन आडव्या पट्ट्या एवढंच बघा, पूर्ण लांबीचा रॅक नको. तरीही कच्च्या रस्त्याच्या ५० किलोंत बेरीज बसते का ते वजनकाट्यावर तपासा. ‘चालत्या गाडीच्या तिप्पट उभ्या गाडीला चालतं’ असं ठोकून देणारे भेटतील. गाडी बनवणाऱ्याने लिहिलं नसेल तर तो आकडा अस्तित्वात नाही असं समजा.

छोट्या गाड्यांच्या मालकांनी जास्त जपावं. सुझुकी जिम्नीच्या टपाची मर्यादा ३० किलो आहे. तिच्यावर लोखंडी टोपली चढवली की वर एक रिकामी बादली ठेवायलासुद्धा हिशेबात जागा राहत नाही. रॅक घेताना तो आयएसओ १११५४ या मानकाप्रमाणे तपासलेला आहे का, हे विचारा. छातीठोक उत्तर आलं नाही तर शिक्क्यावरच्या १५० ला काही अर्थ नाही.

प्रश्न : लोखंडी की ॲल्युमिनिअमचा? आणि कडेला कठडा असलेली टोपली बरी की सपाट रॅक?

उत्तर : वर वजनाचा जो हिशेब मांडला त्यात पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलंच. साधारण १४० बाय १२५ सें.मी.ची लोखंडी टोपली ४० ते ५५ किलो भरते. तेवढाच ॲल्युमिनिअमचा सपाट रॅक २० ते ३२ किलोंत होतो. ॲल्युमिनिअम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं, पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून चांगल्या रॅकच्या पट्ट्या उंचीला जास्त आणि आतून पोकळ-कप्प्यांच्या असतात. ॲल्युमिनिअमची पट्टी लोखंडी पाइपाएवढीच बारीक दिसत असेल तर ती लवचिक निघणार.

ॲल्युमिनिअमच्या रॅकमध्ये जोड बोल्टचे आहेत की वेल्डिंगचे, ते बघा. रॅकसाठी वापरतात ते ६०६१-टी६ सारखं मिश्रधातू उष्णता देऊन कठीण केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने टाक्याशेजारची पट्टी पुन्हा मऊ पडते आणि तिथली ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्यातून ॲल्युमिनिअमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नाही. लहान लहान धक्केही लाखोंच्या संख्येने बसत राहिले की कधी ना कधी तडा जातोच, आणि तो टाक्याच्या काठावरूनच सुरू होतो. नालीदार कच्च्या रस्त्यावर असे धक्के काही तासांतच हजारांनी बसतात. बोल्टच्या जोडाला ही आच लागलेली नसते आणि तुटलेली एक पट्टी बदलताही येते.

लोखंडाच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: कुठल्याही आडगावात वेल्डिंग करून मिळतं. फक्त डाग दिल्यावर त्या जागेवरचा लेप जळालेला असतो. तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त प्रायमर दिला नाही तर पुढच्या पावसाळ्यात पाइप आतूनही गंजतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

टोपली की सपाट, यात आमचं मत सपाट रॅककडे झुकतं. उंची कमी, वाऱ्याला अडसर कमी, पट्टीच्या खाचेत हवा तिथे बोल्ट सरकवता येतो. टोपलीचा कठडा बघून ‘सामान आत अडकून राहील’ असं वाटतं आणि माणूस बांधायचा आळस करतो. मऊ पिशव्या, तंबूच्या गुंडाळ्या असलं बरंच सामान न्यायचं असेल तर टोपली सोयीची, पण पट्टे तळाच्या पट्ट्यांना बांधा. कठडा ओढ घेण्यासाठी केलेला नसतो.

प्रश्न : माझ्या टपाला पन्हाळही नाही आणि रेलही नाही. भोकं पाडून रॅक बसवला तर चालेल का?

उत्तर : आधी दाराच्या वरच्या अंगाला, टपाच्या दोन्ही कडांच्या लांबट खाचांतली रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी उचलून बघा. पुष्कळ गाड्यांत तिच्याखाली कारखान्यातच आटे पाडलेली भोकं असतात आणि ती मजबूत केलेल्या जागीच असतात. ती सापडली तर दुसरं काही शोधू नका.

जुन्या चौकोनी गाड्यांना पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हाळ असते. तिला क्लॅम्पने धरलेले सहा किंवा आठ पाय भार लांबवर वाटून देतात, त्यामुळे ही सोय फार चांगली. मात्र पन्हाळीच्या सांध्यात गंज असेल तर क्लॅम्प आवळताच पत्रा चुरतो. पेचकसाच्या दांड्याने टोकरून आवाज बद्द येतो का बघा. उंच रेल असलेल्या गाड्यांत रेल स्वतः बहुधा तीनच ठिकाणी टपाला जोडलेली असते. रॅकचे पाय त्या जोडांच्या जितके जवळ तितकं बरं, दोन जोडांच्या मधोमध नको.

दाराच्या चौकटीत आकडा अडकवून बसणारे पाय डांबरी रस्त्यावर ठीक. चढउतारात गाडीचं अंग पिळवटतं, पाय केसभर सरकत राहतात आणि खाली अडकलेल्या धुळीने रंग खरवडला जातो. तशा रॅकवर जड काही नेऊ नये.

भोकं पाडणं हा शेवटचा उपाय, पण होतो. टपाचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटरचा. त्यात रिव्हनट (पत्र्याच्या भोकात एकाच बाजूने बसवायचा आट्यांचा नट) ठोकून भार टांगला तर तो पहिल्याच प्रवासात फिरतो किंवा पत्र्यासकट वर येतो. (रिव्हनट लहानसहान कामाला वापरा: एम६ ला, म्हणजे ६ मि.मी. बोल्टच्या रिव्हनटला, ९ मि.मी.चं भोक, एम८ ला ११ मि.मी.चं, पाव मिलिमीटरसुद्धा मोठं नको.) रॅकच्या पायासाठी आतून किमान ३ मि.मी. जाडीची, ५० बाय ७५ मि.मी.ची पट्टी हवी, आणि पाय आतल्या आडव्या कमानीवर यायला हवा. म्हणजे आतलं छताचं अस्तर उतरवणं आलं. त्याच कडेने पडदा एअरबॅग (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारखी उलगडणारी) गेलेली असते. तिच्या आसपास ड्रिल लावायच्या आधी बॅटरीची ऋण तार काढून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा, आणि अस्तर न उतरवता आंधळेपणाने भोक कधीही पाडू नका. पातं ठरावीक खोलीपलीकडे जाऊ नये म्हणून ड्रिलच्या पात्यावर रोध लावा. भोकाची कडा घासून तिला दोन हात गंजरोधक प्रायमर द्या, मग पॉलियुरेथेन किंवा ब्युटाइल सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि तुम्ही झाकलेल्या भोकाच्या कडेला गंज धरतो.

गाडीचा टप उतरवता येणारा, प्लॅस्टिक-फायबरचा असेल तर भार टपावर नकोच. भार थेट बॉडीवर किंवा आतल्या नळ्यांच्या सांगाड्यावर उतरवणारा रॅक मिळतो, तोच घ्या.

प्रश्न : रॅक खोक्यात सुटा येणार आहे. घरीच जोडायचा आहे. क्रमवार सांगाल का?

उत्तर : दोन माणसं आणि अर्धा दिवस. हत्यारांत टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) हवाच, आणि तो ५ ते २५ न्यूटन-मीटर दाखवणारा. चाकाच्या नटांचा मोठा रेंच इथे उपयोगाचा नाही, त्याची मोजणीच तिथून पुढे सुरू होते.

जमिनीवर पुठ्ठे अंथरून त्यावर सांगाडा जुळवा. सगळे बोल्ट हाताने लागतील तेवढेच. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांच्यात ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे. ती ठोकून सरळ करा आणि मगच पुढे जा, कारण तिरका रॅक पायांवर ताण ठेवून बसतो आणि त्या पायाचा बोल्ट सारखा ढिला होतो.

पट्ट्यांची टोकं बंद करण्याआधी खाचांमध्ये सहा-आठ जादा बोल्ट सरकवून ठेवा. छत्री (गाडीच्या कडेला उलगडायची कापडी सावली), फावडं, दिवा यांपैकी काहीतरी पुढे लागणारच, आणि एका बोल्टसाठी अख्खा रॅक उसवायची वेळ बहुतेकांवर येते. ते खडखडू नयेत म्हणून फोमचा तुकडा कोंबा.

टप धुऊन कोरडा करा, पाय बसायच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि तिथे रंगरक्षक पारदर्शक फिल्म चिकटवा. ती नुसत्या धुळीवर चिकटवली तर कानशीच लावल्यासारखं होईल. आता पाय गाडीवर बसवा, ढिलेच. टपावर जाड पांघरूण टाकून रॅक दोन्ही बाजूंनी उचलून ठेवा. पुढचं माप, डावं-उजवं माप जुळवा. मागचं दार पूर्ण उघडून बघा: त्याची कड रॅकला लागते का? सनरूफ वर तिरकं होताना किती उंची घेतं? अँटेना मोकळी आहे का? या तीन गोष्टी आवळून झाल्यावर लक्षात येतात, म्हणून आवळण्याआधी बघायच्या.

आवळताना एका टोकापासून दुसऱ्याकडे जाऊ नका. समोरासमोरच्या तिरक्या जोडीने, तीन फेऱ्यांत. रॅकच्या कागदावर आकडा असतो, तोच घ्या. स्टेनलेसच्या बोल्टना साधारणपणे एम६ साठी ६ ते ८ आणि एम८ साठी १५ ते २० न्यूटन-मीटर लागतात. इम्पॅक्ट गन लांब ठेवा. स्टेनलेसवर स्टेनलेस जोराने फिरलं की आटे तापून एकमेकांत वितळल्यासारखे जाम होतात. मग नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आणि शेवटी बोल्ट कापावा लागतो. ते टाळायला आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि पाना हळू फिरवा. अँटीसीझमुळे घर्षण घटतं, तेव्हा कोरड्या बोल्टचा टॉर्क २० ते २५ टक्क्यांनी कमी करा. नायलॉनच्या कड्याचा नट एकदा काढला की नवा घाला. साध्या नटाला निळं थ्रेडलॉकर (नट सुटू न देणारा चिकट द्रव) चालतं, पण त्याच आट्यांना अँटीसीझ लावलेलं नसावं. आणि थ्रेडलॉकर प्लॅस्टिकच्या टोप्यांवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

सगळं झाल्यावर प्रत्येक नट आणि त्याखालच्या पट्टीवरून रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, हत्यार न लावता तपासणी होते. मग रॅकचा कोपरा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गाडी स्प्रिंगांवर डोलली पाहिजे, रॅक टपावर नाही. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, २५० नंतर पुन्हा एकदा, पुढे प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी. रबरी गाद्या पहिल्या काही दिवसांत दबतात. बोल्ट ढिले होतात ते बहुतेकदा त्यामुळे, फिरल्यामुळे नव्हे.

प्रश्न : नवीन रॅक ८० च्या पुढे बासरी वाजवतो. गाडीतलं बोलणं ऐकू येत नाही. पुढे वारा वळवणारी फळी लावली, फरक नाही.

उत्तर : बासरी आणि घुमणं हे दोन वेगळे आजार आहेत, आधी ते ओळखा. समोरून येणाऱ्या वाऱ्यात गोल नळी आडवी असली की तिच्या मागे आलटून पालटून भोवरे सुटतात. ३० मि.मी.ची साधी नळी ९० च्या वेगाला सेकंदाला सुमारे १६५ भोवरे सोडते, म्हणजे तो खर्जातला घुं आवाज. त्यावर उपाय जुना आणि फुकटासारखा: नळीभोवती ६-८ मि.मी.ची दोरी मळसूत्रासारखी गुंडाळा, दोन वेढ्यांत हातभर नाही, वीतभर अंतर ठेवा. भोवरे एका ठोक्यात सुटेनासे होतात. दोरीची टोकं पक्की बांधा.

तीक्ष्ण शिट्टी मात्र पट्टीच्या उघड्या खाचांतून येते, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी. खाचांत रबरी भरणी पट्टी घाला आणि पट्ट्यांची दोन्ही टोकं टोप्यांनी बंद आहेत ना ते बघा. कोणती खाच वाजते ते शोधायला एकेक खाच कागदी टेपने झाकून तोच रस्ता, तोच वेग पुन्हा घ्या. दोन-तीन खेपांत सापडते.

तुमच्या फळीने फरक पडला नाही त्याचं कारण बहुधा खालची फट. फळीची खालची कड टपापासून ५ ते १० मि.मी.वर हवी, टेकलेली नको (रंग जातो) आणि तीन बोटं वरही नको. फळी मागे झुकलेली, आणि रॅकच्या पहिल्या आडव्या पट्टीपेक्षा थोडी वर जाणारी असावी. रॅक दोन-तीन इंच मागे सरकवल्यानेही कधी कधी आवाज जातो. काचेवरून उसळलेला वारा टपाच्या पुढच्या काठावर सर्वांत जोरात असतो.

प्रश्न : वर स्टेपनी, डिझेलचे दोन कॅन आणि उंच जॅक ठेवले तर डिकी मोकळी होते. कडेच्या उतारावर कितपत धोका?

उत्तर : बेरीज आधी. वीस लिटर डिझेल १७ किलो, पत्र्याचा कॅन ४, म्हणजे एकेक कॅन २१ किलो. स्टेपनी २५ ते ३५. चार फुटी उंच जॅक १३ च्या आसपास. हे झाले ८० ते ९० किलो, रॅक वेगळा. बहुतेक गाड्यांची मर्यादा इथेच संपली.

आता उताराचं. समजा गाडी १९०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सें.मी.वर आणि दोन चाकांतलं अंतर १५० सें.मी. टपावर १९५ सें.मी. उंचीला ७५ किलो ठेवले की गुरुत्वमध्य ७४.७ सें.मी.वर जातो. कलंडण्याचा कागदावरचा कोन ४७ अंशांवरून ४५ वर येतो. दोनच अंश, असं वाटेल. पण ही उभ्या, ताठ गाडीची गोष्ट. खरी गाडी स्प्रिंगांवर आणि टायरांवर खालच्या अंगाला झुकते, आणि वरचं वजन तिला आणखी झुकवतं. त्यातून चाक दगडावरून उतरलं की ती हेलकावा घेते. हेलकाव्याला विरोध किंवा जोर देताना वजन अंतराच्या वर्गाने मोजलं जातं, त्यामुळे टपावरचे ७५ किलो डिकीतल्या ७५ किलोंच्या कितीतरी पट जाणवतात. झोका एकदा सुरू झाला की थांबायला वेळ लागतो, आणि कलंडणाऱ्या गाड्या अशाच दुसऱ्या झोक्याला जातात.

तेव्हा जड ते खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये, हलकं पण जागा खाणारं ते वर. स्टेपनी मागच्या दारावर किंवा बंपरवरच्या बिजागरीच्या फाट्यावर राहू द्या. टपावर पांघरुणं, तंबू, खुर्च्या, चिखलातून निघायच्या फळ्या (जोडी ७-८ किलो) जाऊ द्या. रिकामे कॅन वर चालतील. भरलेला पेट्रोलचा कॅन उन्हात टपावर ठेवू नये. पेट्रोल १० अंशांना सुमारे १ टक्का फुगतं, म्हणजे ३० अंश तापलेल्या २० लिटरला अर्धा लिटरहून जास्त जागा लागते. काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये ती नसते. नेणं भागच असेल तर तोंडाशी मोकळी जागा ठेवून भरा, कॅन उभा ठेवा आणि वर सावली धरा.

प्रश्न : पट्टे किती आणि कसे? ४० किलोची पेटी आहे.

उत्तर : माल बांधण्याच्या युरोपीय मानकात, ईएन १२१९५ मध्ये, ब्रेक मारताना पुढे वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरतात. तुमच्या पेटीला पुढे ३२ किलोची ढकल सोसावी लागेल. वरून घातलेला पट्टा पेटीला फक्त खाली दाबतो, पुढे जाणं घर्षणावर सोडतो. पावडर लेपाच्या गुळगुळीत पट्टीवर ते घर्षण फारच कमी. म्हणून पेटीखाली रबरी चटई, पेटी पुढच्या अडणीला टेकलेली, वरून २५ मि.मी.चे दोन रॅचेट पट्टे, आणि पेटीच्या पुढच्या अंगावरून वळसा घालून मागे ओढणारा तिसरा. पट्ट्याला मधे एक पीळ द्या, वाऱ्यात फडफडत नाही. लवचिक रबरी दोऱ्या पांघरूण सावरायला ठीक, वजन धरायला नाहीत.

प्रश्न : रॅकमुळे इंधन किती जास्त जातं?

उत्तर : अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने टपावरच्या मोठ्या, बोथट तोंडाच्या पेटीसाठी दिलेले आकडे असे: शहरात इंधन कार्यक्षमता २ ते ८ टक्क्यांनी घटते, महामार्गावर ६ ते १७, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५. सपाट रिकामा रॅक यापेक्षा कमी खातो. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून ११० ला गेलात की जवळजवळ दुप्पट. प्रवास नसेल तेव्हा रॅक उतरवून ठेवणं हाच उपाय, म्हणून चार बोल्टांत सुटणारे पाय असलेला रॅक घ्या.

प्रश्न : रॅकच्या पुढे १२० वॉटची दिव्यांची पट्टी लावली. प्रकाश आहे, पण बॉनेटवरून डोळ्यांवर येतो, शिवाय दिवा मंद वाटतो.

उत्तर : पट्टी एक-दोन वीत मागे घ्या, म्हणजे टपाची कडच बॉनेटला सावली देते. तेवढी जागा नसेल तर बॉनेटवर काळी, चकाकी नसलेली फिल्म. मंदपणा तारेचा आहे. १२ व्होल्टला १२० वॉट म्हणजे १० अँपिअर. बॅटरीपासून ५ मीटर जाऊन-येऊन १० मीटर तार, २.५ चौ.मि.मी.ची असेल तर ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. त्याहून बारीक तार लावली असेल तर विचारूच नका. ४ चौ.मि.मी. घ्या, नुकसान ०.४५ च्या आत येईल. बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, मधे रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), आणि बटणापर्यंत फक्त रिलेची बारीक तार. तार टपावरून खाली आणताना दाराच्या रबराखाली चेपू नका, पाणी त्याच वाटेने आत येतं. सार्वजनिक रस्त्यावर टपावरचा दिवा पेटवायला बऱ्याच देशांत मनाई आहे. तिथे त्याला झाकण घालून चालवा.

प्रश्न : अडकलेली गाडी काढताना रॅकला दोर बांधला तर?

उत्तर : नाही. रॅकचे पाय खाली दाबणाऱ्या भारासाठी असतात. ओढ बसली की रॅक पत्रा सोलून घेऊन येतो. टपावर चढण्याच्या शिडीलाही हेच लागू.

प्रश्न : छत्रीचा ब्रॅकेट दोनदा वाकला. तिसऱ्यांदा जाड घेऊ का?

उत्तर : अडीच मीटरची छत्री १२ ते १५ किलोंची असते आणि ती रॅकच्या बाहेर लोंबकळते, म्हणून प्रत्येक धक्क्याला ब्रॅकेटच्या कोपऱ्यावर पीळ बसतो. जाडी वाढवण्याआधी संख्या वाढवा: दोन मीटरपर्यंत दोन ब्रॅकेट, त्यापुढे तीन. कोपऱ्यात तिरका आधार असलेला, ३ मि.मी. लोखंडाचा किंवा ५ मि.मी. ॲल्युमिनिअमचा घ्या. छत्री रॅकच्या पट्टीला जितकी चिकटून, तितका पीळ कमी.

प्रश्न : वर्षभराने पाय काढले तर खाली पांढरी भुकटी आणि रंगावर गोल डाग. काय झालं?

उत्तर : भुकटी ॲल्युमिनिअमच्या गंजाची आहे. स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनिअमचा पाय आणि मधे खारट किंवा मातकट पाणी, असा छोटा विजेचा घटच तयार होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनिअम. बोल्टाच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर आणि आट्यांना जस्तयुक्त पेस्ट लावली की वेग खूप कमी होतो. समुद्रकाठची वाळू किंवा खारा चिखल तुडवून आलात तर त्याच दिवशी पायांच्या फटींत गोड्या पाण्याचा फवारा मारा. डाग अडकलेल्या धुळीचे आहेत. नख फिरवून खरबरीत लागत नसतील तर पॉलिशने जातील. खरबरीत असतील तर रंग आतपर्यंत गेला आहे, तिथे प्रायमर आणि टचअप दिल्याशिवाय पाय परत बसवू नका.